तिसऱ्या बाकावरची शांती

रविवार, ५ ऑक्टोबर

आज डोकं इतकं तापलंय की प्रमिलानं केलेलं रविवारचं मटणसुद्धा गोड लागलं नाही.

उपासना संपता संपता आमच्या नव्या पाळकसाहेबांनी सूचना वाचल्या. आजाऱ्यांसाठी प्रार्थना, संडे स्कूलची सहल, आणि त्याच दमात, चपला ओळीत ठेवा म्हणून सांगावं तशा सुरात: पुढच्या रविवारपासून शांतीच्या वेळी कोणी हात मिळवायचे नाहीत. प्रत्येकानं आपापल्या जागेवरूनच हात जोडावेत. उपासना आता लाइव्ह जाते, आणि घरी बसून बघणाऱ्यांना त्या वेळी नुसता गोंगाट ऐकू येतो.

गोंगाट म्हणे. मी सगळी हयात आवाजावर पोट भरलंय. द्राक्षबागेचा फवारणीचा ब्लोअर वर्कशॉपच्या फाटकातून आत येतो तेव्हाच मी सांगतो, बेअरिंग गेलंय की पंखा घासतोय. गोंगाट कशाला म्हणतात ते मला कळतं. पाळक म्हणतो, ‘ख्रिस्ताची शांती तुम्हांबरोबर असो,’ आणि सगळं चर्च बाकांवरून वळतं, पुढच्याशी, मागच्याशी, वाटेपलीकडच्याशी हात मिळवतं. बांगड्या वाजतात, बाक करकरतात, कुणाच्या तरी पायाखाली कुणाची तरी छत्री येते. मी अर्ध्या चड्डीत होतो तेव्हापासून हा आवाज ऐकतोय. ज्याला हा गोंगाट वाटतो त्याचे कान तपासायला हवेत.

आमचा बाक डाव्या हाताचा, तिसरा. आई होती तेव्हा ती मध्ये, मी भिंतीकडे, भाऊ वाटेकडे. आईला जाऊन नऊ वर्षं झाली तरी आम्ही जागा बदललेल्या नाहीत. मधली जागा रिकामीच असते. कोणी नवखा येऊन बसलाच तर मागच्या बाकावरून बायडाबाई त्याच्या खांद्याला टोचून उठवते. प्रमिला आणि वहिनी तिच्याच शेजारी बसतात. त्या दोघींचं बोलणं कधी थांबलं नाही. भाऊचं आणि माझं थांबलं ते थांबलंच. आई माझ्याकडे राहायची. त्या नाताळाला आठ दिवस म्हणून भाऊकडे जेल रोडला गेली आणि एका दुपारी तिथंच गेली. मी पोचलो तेव्हा तिचे हात छातीवर ठेवून झाले होते. मला वेळेवर कळवलं नाही, हे मी विसरणार नाही.

पण शांतीच्या वेळी तो हात पुढे करतो, मी हात पुढे करतो. ‘शांती असो, सुनील.’ ‘शांती असो.’ झालं, पुढच्या रविवारपर्यंत सुट्टी. याचा कोणी भलता अर्थ काढू नये. रीत आहे म्हणून मी हात देतो.

आज त्याचा हात थरथरत होता. रागानं. नऊ वर्षांनी राग वाढावा हे जरा जास्तच आहे. आणि ‘शांती असो’ इतकं तोंडातल्या तोंडात म्हणाला की माझ्या कानांनासुद्धा जेमतेम लागलं. नाव तर घेतलंच नाही. भाकर आणि द्राक्षरसाच्या प्रभुभोजनालाही उठला नाही. महिन्याचा पहिला रविवार, सगळं चर्च वेदीपाशी गुडघे टेकून, आणि हा बाकावर दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलेला. मनात अढी असेल तर प्याल्याला हात लावू नये, असं शास्त्र आहे. निदान तेवढं पाळतो म्हणायचं.

बुधवार, ८ ऑक्टोबर

जेवताना प्रमिलाला म्हटलं, ‘भाऊचा आवाज बसलाय. वहिनींना सांग, अडुळशाचा काढा द्या म्हणावं.’

हे आमचं असंच चालतं. मागे एकदा शांतीच्या वेळी त्याचा हात माझ्या हाताकडे न येता वीतभर बाजूला गेला. मी घरी येऊन म्हणालो, त्याला नीट दिसत नाही. पुढच्याच महिन्यात मोतीबिंदू काढला. मी म्हणालो म्हणून काढला, असं माझं म्हणणं नाही.

प्रमिला म्हणाली, ‘काढ्यानं काही व्हायचं नाही.’

‘का? काय झालंय?’

‘तुम्ही विचारा ना. भाऊ तुमचा आहे.’

‘मी का विचारू? आई शेवटचे श्वास घेत होती तेव्हा त्यानं मला विचारलं?’

‘फोन करून करून बोटं दुखली, म्हणाले होते तेव्हा.’

‘मला एकही रिंग ऐकू आली नाही. आणि माझे कान कसे आहेत ते तुला माहीत आहे.’

‘माहीत आहे ना. वर्कशॉपात ब्लोअर चालू असला की शेजारी उभं राहून हाक मारली तरी कळत नाही, तेही माहीत आहे.’ एवढं बोलून ताट उचलून आत गेली.

बायकांना दोन वेगवेगळे विषय एकात कालवायची खोड असते.

रविवार, १२ ऑक्टोबर

झालं एकदाचं. पाळकसाहेबांनी कॅमेऱ्याकडे बघून हात जोडले, आम्ही पाळकसाहेबांकडे बघून हात जोडले, आणि दोन श्वासांत शांती उरकली. निवडणुकीला उभा असलेला माणूस जीपमधून हात जोडतो तशी. कोणी कोणाकडे वळलं नाही. भाऊनं समोर बघतच हात जोडले, चांगले घट्ट, बोटं पांढरी पडेपर्यंत, आणि लगेच खाली घेतले. मी त्याच्याकडे वळलो होतो. कशाला वळलो कोण जाणे. सवय.

बाहेर पायऱ्यांवर बायडाबाईनं मला गाठलं. आईच्या वेळची बाई, नेवाशाकडची. नवरा जाऊन किती वर्षं झाली तेही आता तिला आठवत नाही. मुलगा सुरतला. एकटीच राहते.

‘सुनील, हे काय रं केलं या पोरानं?’

‘पोरगा नाही बाई, पाळकसाहेब आहेत.’

‘साहेब आसंल तुला. आरं, आठवडाभरात माझ्या हाताला दुसऱ्या माणसाचा हात लागतो तो एवढाच. बाकी सहा दिवस भांडी आन् कडीकोयंडा.’

मी तिथंच ठरवलं, हा प्रश्न धसाला लावायचा. माझं काय, मला दिवसभर कामगार, गिऱ्हाईक, पाव्हणेरावळे. पण बायडाबाईसारख्यांनी काय करायचं? मी हे तिच्यासाठी करणार आहे, हे इथं स्पष्ट लिहून ठेवतो.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

छाटण्या झाल्या, फवारणीला जोर आलाय, वर्कशॉपात पाय ठेवायला जागा नाही. दिंडोरीहून खंडेराव ब्लोअर घेऊन आले. जुनं गिऱ्हाईक, त्यांच्या वडिलांचा पहिला पंप मी दुसऱ्याच्या दुकानात हेल्पर असताना दुरुस्त केला होता.

‘अमोलिक शेठ, लय थरथरतोय बघा. ट्रॅक्टरवर बसलं का दातावर दात वाजतो. माझ्यावर रागावलाय जनू.’

‘खंडेराव, यंत्राला राग येत नाही. थरथरायला लागलं म्हणजे आत काहीतरी झिजलं. वेळीच बघितलं नाही तर शाफ्ट जाईल. त्याला बोलू नका, मला दाखवा.’

बेअरिंगच होतं. काम चालू होतं तोवर चहा मागवला आणि माझ्या तोंडून चर्चचं निघालं. आठवडाभर जो भेटेल त्याला मी हेच सांगतोय. सार्थक म्हणतो, ‘पप्पा, पार्सलवाल्यालापण सांगितलंत.’ सांगितलं, मग?

खंडेरावांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘आमच्यात सप्त्याला पंगत असती. माझं आन् शेजारच्याचं बांधावरून कोर्टात चालू हाय. पण पंगतीत वाढायला त्योच असतो. बुंदी वाढताना तोंडाकडं बघत नाय, पण चमचा भरून वाढतो. ताटात पडलेलं परत टाकता येतं का? खावं लागतं.’

‘मग गावानं उद्या पार्सल घरी पोचवायचं ठरवलं तर?’

‘तर मग नुसतं कोर्ट उरंल, शेठ.’

पाळकसाहेबांना दिंडोरीला शिकायला पाठवलं पाहिजे.

रविवार, १९ ऑक्टोबर

भाऊ आला नाही.

मला वाटलं उशीर झाला असेल. पहिलं गीत झालं, वचन झालं, मी वाटेकडे तीन वेळा पाहिलं. वहिनी एकट्याच आल्या होत्या. प्रमिलानं त्यांना विचारलं ते मी कान टवकारून ऐकलं. ‘घरीच टीव्हीवर बघतात,’ वहिनी म्हणाल्या. ‘बरं पडतं म्हणतात.’

बरं पडतं. नोटांच्या प्रेसमध्ये छत्तीस वर्षं पाळीला एक मिनिट उशीर न केलेला माणूस, रिटायर झाल्यावर देवाच्या घरी यायला त्याला सोफा सुटत नाही. पायावर पाय टाकून, चहा पीत, मध्ये कंटाळा आला तर आवाज बारीक करून. हीच ती माणसं, ज्यांच्यासाठी आमचे हात तोडले.

घरी येताना गाडीत सार्थकवर घसरलो. हा कॅमेरा चर्चमध्ये आणला माझ्याच चिरंजीवांनी. करोनात गरज होती, मी नाही म्हणत नाही. माइक तर मीच घेऊन दिला. पण ताप उतरला तरी गोळी चालूच ठेवायची?

‘पप्पा, लोक बघतात. मोठे पप्पा तर दर वेळी मेसेज करतात. परवा म्हणाले, कॅमेरा जरा डावीकडे घे, पुढचे बाक दिसू देत.’

ऐका. स्वतः यायचं नाही आणि घरून हुकूम सोडायचे, कॅमेरा इकडे घे, तिकडे घे. ‘तू ऐकलंस?’

‘ऐकलं. मोठे आहेत.’

‘आणि मी कोण आहे?’

‘तुम्ही गाडी नीट चालवा, पप्पा.’

पण मी त्याआधी, चर्चमध्येच, पाळकसाहेबांना गाठलं होतं. माणूस वाईट नाही. हसतमुख, झगा घडी घालत होता.

‘काका, इथं दीडशे लोक येतात, घरून चारशे बघतात. वचन पोचतंय.’

‘पोचतं ना. कुरिअरही पोचतं. पण कुरिअरवाला जेवायला थांबत नाही.’

तो हसला. ‘देव घरीही भेटतो, काका.’

‘देवाबद्दल माझं काही म्हणणं नाही. देव मला वर्कशॉपात भेटतो, मीटर बघायला आल्यासारखा, न सांगता. माझं म्हणणं माणसांबद्दल आहे. घरी मला फक्त आवडीची माणसं भेटतात. न आवडणारा माणूस भेटतो तो इथं. त्याच्या बाकावर बसावं लागतं, त्याच्याच सुरात गावं लागतं, तो खोकला तर ऐकावं लागतं. आणि मग हात द्यावा लागतो. चर्च म्हणजे तेवढंच, साहेब. बाकी प्रवचन तर रेडिओवरही होतं.’

‘तुमच्या डोळ्यांसमोर कोणी एक माणूस आहे का, काका?’

‘अजिबात नाही,’ मी म्हणालो. ‘मी तत्त्वाचं बोलतोय.’

शनिवार, २५ ऑक्टोबर

आज कमिटीची सभा झाली. मी सभासद नाही, पण विनंती करून हजर राहिलो. सेक्रेटरी रिटायर्ड हेडमास्तर. प्रत्येक वाक्यानंतर वर्गाकडे बघतात. म्हणाले, ‘साथीचे दिवस आहेत, ज्येष्ठ मंडळी आहेत, हात न मिळवलेलाच बरा.’

मी म्हटलं, ‘सर, आत्ता तुम्ही सगळ्यांनी एकाच ताटलीतल्या चिवड्यात हात घातलात. तिथं साथ नाही का?’

हशा झाला, पण मत बदललं नाही. एकानं वेळेचा मुद्दा काढला. म्हणे बाहेरच्या चर्चची उपासना तासाभरात आटोपते, आपली लांबते म्हणून तरुण येत नाहीत. मी म्हटलं, हेच तरुण क्रिकेटची मॅच दिवसभर बघतात. दुसरा म्हणाला, काळाबरोबर चाललं पाहिजे. मी म्हटलं, चला ना, पण पायांनी चला, इथपर्यंत या. मग माझा आवाज चढला. मी म्हणालो, ज्यांच्या घरी बोलायला माणूस नाही, ज्यांच्या हाताला आठवडाभर दुसरा हात लागत नाही, त्यांनी काय टीव्हीच्या काचेला हात लावायचा? या बायडाबाईंना विचारा.

बायडाबाई महिला मंडळातर्फे कोपऱ्यात बसली होती. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती पदर सारखा करून म्हणाली, ‘माझं नाव घेऊन भांडू नको, सुनील. माझं मी बघीन. तुझं तू भांड.’

मी तिची बाजू घेतोय आणि ती मलाच तोंडघशी पाडते. चांगुलपणाचे दिवस राहिले नाहीत. ठराव झाला: विषय पुढच्या सभेत घ्यावा. म्हणजे नाताळ उजाडणार.

रविवार, २६ ऑक्टोबर

भाऊ आजही नाही. बाकावर मी एकटाच, भिंतीला लागून, पुढे सगळं लाकूड. शांतीच्या वेळी मी हात जोडले नाहीत, खिशात घातले. कोणाच्या लक्षात आलं नाही. हेच तर म्हणतोय मी.

ठरवलं. पुढच्या रविवारी मी जाणार नाही. मी गेलो नाही की कळेल यांना. प्रमिला म्हणाली, ‘लोक चर्चला येत नाहीत म्हणून तुम्ही चर्चला जाणार नाही?’

‘निषेध असाच करतात.’

‘मोठी शिकलेली माणसं करतात तसं,’ ती म्हणाली आणि कूकरकडे वळली.

रविवार, २ नोव्हेंबर

सविस्तर लिहायला हवं.

प्रमिला आणि सार्थक सकाळी गेले. मी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, मग आठवलं की कुठं जायचं नाही. टीव्ही लावला. चित्र स्वच्छ, आवाज उत्तम. माइक मी निवडलेला. पहिलं गीत लागलं तेव्हा मी गाऊ लागलो आणि दोन ओळींत थांबलो. रिकाम्या घरात माणसाला स्वतःचाच आवाज ऐकू येतो, आणि माझा मला कधीच आवडलेला नाही. चर्चमध्ये तो बाकीच्यांत जिरून जातो. शेगडीवर दूध होतं, ते बघायला उठलो. परत आलो तर पापांगीकार होऊन गेला होता. माझ्या वाटणीचा कोणी म्हटला असेल तर बरं. मग मांजर मांडीवर येऊन बसलं. पाळकसाहेबांनी शांतीसाठी हात जोडले, मी मांजर सांभाळत टीव्हीला हात जोडले. इतकं खुळ्यासारखं मला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

पडद्यावर डावीकडे तिसरा बाक दिसत होता. सार्थकनं बरोबर मध्ये घेतलेला. पूर्ण रिकामा. मागे बायडाबाई, वहिनी, प्रमिला. पुढे नुसता बाक, पाठीवरचं पॉलिश दोन ठिकाणी उडालेलं, आम्ही टेकतो तिथं.

तेवढ्यात फोन वाजला. भाऊचं नाव. नंबर मी काढून टाकलेला नव्हता, ते राहूनच गेलं होतं.

‘बाकावर दिसला नाहीस,’ तो म्हणाला. ‘बरा आहेस ना?’

नऊ वर्षांनी हे पहिलं वाक्य. आवाज खोल विहिरीतून यावा तसा. मी टीव्ही बंद केला.

‘मला काय धाड भरलीय? तू कुठून बघतोयस?’

‘घरून. दर रविवारी बघतो. सार्थकनं बाक छान घेतलाय. तू दिसतोस.’ मग म्हणाला, ‘आज सगळाच रिकामा दिसला. वाटलं, छातीत-बितीत दुखलं की काय.’

‘मी निषेध करतोय.’

‘कशाचा?’

‘लोक घरी बसून उपासना बघतात त्याचा.’

मग तो हसला. आई हसायची तसा, नाकातून. ‘घरी बसून करतोयस?’

त्याच्या हसण्यामागे मला आणखी एक आवाज ऐकू आला. बशीवर कप वाजत होता. किणकिण, किणकिण, एका लयीत. आधी वाटलं, कोणी साखर ढवळतंय. पण ढवळणारा कधीतरी थांबतो. हा आवाज थांबत नव्हता.

‘वहिनी तर चर्चमध्ये आहेत,’ मी म्हणालो. ‘तुझ्याजवळ कोण आहे?’

‘कोणी नाही.’

‘मग कप कोण वाजवतंय?’

आवाज बंद झाला. त्यानं कप खाली ठेवला असावा.

‘मीच,’ तो म्हणाला.

मग हळूहळू सगळं निघालं. वर्ष झालं. आधी उजवा हात, आता डावाही. डॉक्टर कंपवात म्हणतात. गोळ्या चालू आहेत. आवाजही त्यातच बारीक झाला. सप्टेंबरच्या प्रभुभोजनाला प्याला हातातून हिंदकळला आणि वेदीच्या पांढऱ्या कापडावर डाग पडला. पाळकसाहेबांनी चटकन रुमाल टाकला, कोणाला कळू दिलं नाही. ‘चांगला माणूस आहे,’ भाऊ म्हणाला.

‘मी तिथंच होतो. मला कसं दिसलं नाही?’

‘तुझे डोळे मिटलेले असतात. म्हणून तर मी तुझ्या शेजारी गुडघे टेकायचो.’

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

‘प्याला सोडला, पण हात मिळवायला यायचो,’ तो म्हणाला. ‘तू धरलास की क्षणभर थांबायचा. मग तेही बंद झालं. तिथं सगळ्यांसमोर नुसते जोडलेले हात हलवत बसण्यापेक्षा म्हटलं, घरूनच बघावं. सुनील दिसतो ना, मग झालं.’

खंडेरावांना मी काय म्हणालो होतो ते आठवलं. ही वही मागे जाऊन वाचायची माझी हिंमत नाही.

‘पुढच्या रविवारी साडेआठला गाडी घेऊन येतो,’ मी म्हणालो. ‘तयार राहा.’

‘लोक बघतील, सुनील.’

‘बघू देत. चारशे घरून बघतात, दीडशे समोरून. त्यात काय.’

‘अजून रागावलायस ना?’

‘हो,’ मी म्हणालो. खोटं कशाला बोलू? ‘साडेआठला.’

फोन ठेवल्यावर घर फार शांत वाटलं. आज ब्लोअर चालू नव्हता, म्हणून रिंग ऐकू आली. तेवढंच लिहितो.

प्रमिला आल्यावर तिला विचारलं, ‘तुला ठाऊक होतं?’

‘होतं. सार्थकलाही होतं. तुम्हाला सांगायचं नाही, अशी भाऊंनी शपथ घातली होती. म्हणाले, सुनील दया करील. त्यापेक्षा चिडलेला बरा.’

माझ्याच घरात माझ्याच पाठीमागे हे चालतं. यावरही मी चिडलेलो आहे.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

पाळकसाहेबांना फोन केला. सगळं सांगितलं नाही, एवढंच म्हणालो की रविवारी तिसऱ्या बाकावर नियम मोडणार आहे, आधी कळवलेलं बरं.

ते म्हणाले, ‘काका, कमिटीचा निर्णय अजून व्हायचाय.’

‘कमिटीला सांगा, नाताळापर्यंत आम्ही थांबू शकत नाही.’

मग म्हणाले, ‘म्हणजे होता ना, काका, कोणीतरी एक माणूस.’

तरुण आहे, पण कान बरे आहेत.

रविवार, ९ नोव्हेंबर

साडेआठला जेल रोडला पोचलो. भाऊ पांढरा शर्ट घालून फाटकाशी उभा. वरचं बटण उघडं होतं. मी लावलं नाही, त्याला आवडलं नसतं. गाडीत दोघंही बोललो नाही. नऊ वर्षांचं एकदम कुठून काढणार? बिटको चौकात सिग्नलला त्यानं विचारलं, ‘सार्थकचं कुठं जमतंय का?’ मी म्हटलं, ‘बघतोय.’ पुरे झालं.

चर्चमध्ये आपापल्या जागी बसलो. तो वाटेकडे, मी भिंतीकडे. तो हात मांडीखाली दाबून बसला. मागून बायडाबाई प्रमिलाला म्हणाली ते मला स्पष्ट ऐकू आलं, ‘आज भिंतीवाला सारखा डोळे उघडे ठेवून बसलाय.’

शांतीची वेळ आली. पाळकसाहेबांनी ‘शांती तुम्हांबरोबर असो’ म्हटलं आणि कॅमेऱ्याकडे हात जोडायच्या आधी एक क्षण आमच्या बाकाकडे पाहिलं. भाऊनं हात वर घेतले. जोडलेले, घट्ट दाबलेले, तरी हलत होते, कोपरापासून. पुढच्या बाकावरच्या एक बाई वळून बघायला लागल्या होत्या.

मी सरकलो. आईची जागा ओलांडून नाही, आईच्या जागेवरच बसलो. नऊ वर्षांत तिथं बायडाबाईनं कोणाला टिकू दिलं नव्हतं. त्याचे दोन्ही हात माझ्या दोन्ही हातांत घेतले. हात थंड होते. मोटार बंद केल्यावर पंखा थांबायला वेळ घेतो तसे ते जरा वेळ हलत राहिले, मग कमी झाले. पूर्ण थांबले असं म्हणणार नाही. कमी झाले.

‘शांती असो, भाऊ.’

तो काहीतरी म्हणाला. ओठ हलले, आवाज आला नाही. पण शेवटी माझं नाव होतं, तेवढं कळलं.

मग मागून बायडाबाईचा हात आमच्या दोघांच्या मध्ये आला, सुरकुतलेला, बांगड्यांसकट. तिनं कोणाची परवानगी घेतली नाही. तिच्यामागे वहिनी. मग वाटेपलीकडचे कोणी उठले, बाक करकरला, कुणाची तरी छत्री पडली. एका क्षणात सगळ्या चर्चभर तोच जुना गोंगाट. सेक्रेटरी सर घड्याळ बघत उभे होते. शेवटी तेही कोणाशीतरी हात मिळवताना दिसले, जरा अवघडून. पाळकसाहेब वेदीवरून खाली उतरले. सार्थकनं कॅमेरा हलवला नाही.

पुढचं गीत सुरू झालं. मी उठलो नाही, त्यालाही उठू दिलं नाही.

‘हात सोड आता,’ भाऊ म्हणाला. ‘लोक बघतायत.’

‘बघू देत,’ मी म्हणालो. ‘लाइव्ह आहे.’